लठ्ठ माणसावरील खटला

कन्नडच्या बस स्थानकासमोर चहाच्या टपरीवर सकाळी जी न्यायसभा भरते, ती कोणाचाच निकाल राखून ठेवीत नाही. मागच्या उन्हाळ्यात तिच्यापुढे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा खटला चालला. त्याचे बी-बियाण्यांचे दुकान आहे. वजन १४२ किलो होते. आडवे झाले की श्वास कोंडायचा, म्हणून चार वर्षे तो भिंतीला टेकून, बसून झोपत होता. शेवटी जमिनीचा एक तुकडा विकून त्याने शहरात पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली. सभेने निकाल दिला, "खाऊन खाऊन माजला, आणि आता पैसे टाकून पोट कापून आला. जिभेला लगाम घालायला काय पैसे पडत होते?" सगळे हसले.

मी हसलो नाही. परंतु तेवढ्याने माझी सुटका होत नाही. हा मुलगा पाचवीत असताना मीच त्याला भर वर्गात 'भोपळ्या' म्हणून हाक मारली होती. वर्ग हसला, तोही हसला, आणि ते नाव दहावीपर्यंत त्याला चिकटून राहिले. तेव्हा या खटल्यात मी वकील नव्हे. आरोपींपैकीच एक आहे, आणि माफीचा साक्षीदार म्हणून बोलतो आहे.

पहिला आरोप असा, की लठ्ठपणा हे जिभेचे पाप. हा आरोप करणारी मंडळी कोण, ते पाहा. बाळ गुटगुटीत दिसले की ज्यांना धन्यता वाटते, सुटलेले पोट पाहून 'खात्यापित्या घरचा' म्हणून ज्यांची मान डोलते, तीच ही मंडळी. पंगतीत आग्रह करकरून जिलब्या वाढणारे हात आणि पाठ वळताच पोटाकडे रोखली जाणारी बोटे एकाच माणसाची असतात!

थोडे जादा वजन चालण्याने, मिताहाराने उतरते, हे खरे. तथापि ज्याचे वजन दीडशेच्या घरात गेले आहे त्याची गोष्ट वेगळी. तो उपाशी राहून पंधरा किलो उतरवतो, तेव्हा त्याच्या देहाला वाटते की दुष्काळ पडला. भूक वाढते, खर्च आटतो, आणि गमावलेले परत मिळवल्यावाचून देह स्वस्थ बसत नाही. १९७२ चा दुष्काळ आणि त्यातली सुकडी ज्यांच्या घरात अजून आठवली जाते, त्या मराठवाड्याला तरी देहाची ही भीती समजायला हवी.

आपल्या देहाचे आणखी एक गुपित पुण्यात उघड झाले आहे. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके तपासली. त्यांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो, पण आपल्या बाळांचे हातपाय आणि स्नायू किरकोळ असूनही चरबी मात्र जवळजवळ तितकीच होती. म्हणजे जे पोर आपण काडीपैलवान म्हणून पाहतो, त्याच्या आत लठ्ठपणाचे बी आईच्या पोटातच पेरलेले असू शकते. यात जिभेचे पाप कोणते आणि कोणाचे?

दुसरा आरोप, की शस्त्रक्रिया म्हणजे श्रीमंतांचे चोचले, कष्ट टाळण्याची पळवाट. मुळात ही शस्त्रक्रिया म्हणजे चरबी काढणे नव्हे. एका प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवतात. दुसऱ्यात जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे नेऊन जोडतात. पोट लहान होते एवढेच नव्हे, तर भुकेचा आणि तृप्तीचा सांगावा मेंदूकडे नेणारे रसही बदलतात. जन्मभर न मिटलेली भूक मिटते.

फळ काय? स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले सुमारे २,००० रुग्ण आणि न झालेले जवळजवळ तितकेच लठ्ठ रुग्ण वर्षानुवर्षे पाहिले गेले. २०२० साली हिशेब आला : शस्त्रक्रिया झालेले इतरांपेक्षा सुमारे तीन वर्षे अधिक जगले. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे १५० मधुमेही रुग्णांवर प्रयोग झाला. पाच वर्षांनी, म्हणजे २०१७ साली पाहिले, तर केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ५ टक्क्यांची साखर आटोक्यात होती. नळीच्या शस्त्रक्रियेनंतर २३ टक्क्यांची आणि आतडे जोडल्यानंतर २९ टक्क्यांची. याला चोचले म्हणणाऱ्याने मोतीबिंदू काढण्यालाही नटणे म्हणावे!

परंतु मी विक्रेत्यांचाही वकील नाही. त्याच आकड्यांची दुसरी बाजू जाहिरातीत छापत नाहीत. स्वीडनचे ते रुग्ण तीन वर्षे अधिक जगले, तरी सर्वसाधारण माणसापेक्षा साडेपाच वर्षे कमीच. क्लीव्हलँडमध्ये शंभरातल्या सत्तराहून अधिकांची साखर ठरवलेल्या मर्यादेखाली आलीच नाही. अमेरिकेतल्या यूटा राज्याची २००७ सालची पाहणी सांगते, की शस्त्रक्रियेनंतर एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी घटले. पण अपघात, आत्महत्या अशा कारणांनी होणारे मृत्यू मात्र ५८ टक्क्यांनी अधिक आढळले. पोट कापता येते, मनावर साचलेले हसू कापता येत नाही.

२०१७ साली हे हसू आणि हा बाजार आपण मुंबईत एकत्र पाहिला. इजिप्तहून एक स्त्री उपचारांसाठी आणली गेली. वजन ५०० किलोच्या आसपास सांगत. क्रेनने उचललेला तिचा पलंग साऱ्या जगाने पडद्यावर पाहिला. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. मग किती किलो उतरले, यावरून डॉक्टर आणि नातेवाईक यांच्यात जाहीर वाद पेटला. मे महिन्यात तिला अबुधाबीला नेले, आणि सप्टेंबरमध्ये ती वारली. हृदय आणि मूत्रपिंड आधीच थकलेले होते. दोष कोणाचा, हे मी ठरवणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की ती जिवंत असताना आपण तिच्याकडे वजनकाट्याचा आकडा म्हणून पाहत होतो.

माझ्या विद्यार्थ्याचेही तेच झाले. वजन ९४ किलोवर आले; रुग्णालयाने त्याचा आधीचा आणि नंतरचा फोटो झळकवला. पण घरी जाताना त्याच्या हाती दिलेला कागद सबंध इंग्रजीत होता. बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, दरवर्षी रक्त तपासायचे, हे त्याला मराठीत कोणी नीट सांगितलेच नाही. बरे वाटू लागताच त्याने गोळ्या सोडल्या. चौदा महिन्यांनी पाय बधिर झाले, तोल जाऊ लागला. टपरीवरची मंडळी म्हणाली, "बघा, देवाच्या करणीत हात घातला!" देवाचा संबंध नव्हता, बी-१२ संपले होते. इंजेक्शनांनी तो सावरला.

तिसरी गंमत विम्याची. उंचीच्या मीटरांचा वर्ग करून त्याने वजनाला भागले की जो आकडा येतो, त्याला बीएमआय म्हणतात. आशियाई देह कमी वजनातच रोगट होतो, म्हणून २०२२ साली शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची रेघ २७.५ वर आणली. आपल्या विमा नियामकाने २०१९ मध्ये आखून दिलेल्या कलमात मात्र अट ४० ची. गंभीर आजार जोडीला असला तर ३५ ची. म्हणजे आजारी माणसाला सांगायचे, की अजून वीस किलो वाढव, मग ये!

२०२५ पासून वजन उतरवणारी, आठवड्याला एक घ्यायची नवी इंजेक्शनेही आपल्याकडे विकली जाऊ लागली. उद्या टपरी त्यांनाही पळवाट म्हणेल. म्हणून मागणे स्पष्ट मांडतो. शस्त्रक्रियेचा कागद रुग्णाच्या भाषेत असावा. वर्षाची रक्ततपासणी आणि गोळ्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मिळाव्यात. त्यासाठी साठेक किलोमीटरवरचे शहर गाठावे लागू नये. आणि रुग्णालयांनी आपले यश सहा महिन्यांच्या फोटोवर नव्हे, दहा वर्षांनंतरच्या प्रकृतीवर मोजावे.

उरला टपरीचा आणि माझा हिशेब. या जूनमध्ये तो मुलीला शाळेत घालायला आला. मुलगी बापासारखी, अंगाने भरलेली. फॉर्म भरून झाला तरी तो दारात घुटमळला. मी विचारले, "काय रे, काही राहिले का?"

"काही नाही, सर," तो म्हणाला. "हिला तेवढी नावाने हाक मारा."