पथ्य म्हणजे उपासमार नव्हे

घरात कोणी आजारी पडले, की दोन प्रश्न हमखास विचारले जातात : औषध कोणते आणि पथ्य कोणते? पहिल्याचे उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचे उत्तर पुष्कळदा शेजारीपाजारी व नातेवाईकच देऊन टाकतात. मूत्रपिंडाच्या विकारात ही सवय जिवावर बेतू शकते.

म्हैसूरचे उदाहरण घ्यावे. शहाळ्याचे पाणी आणि नंजनगुडची केळी ही त्या परिसराची आवडती खाद्ये. निरोगी माणसाला ती हितकारकच आहेत. परंतु मूत्रपिंडे दुर्बल झाली, की रक्तातील जादा पोटॅशियम पुरेसे बाहेर टाकले जात नाही आणि ते फार वाढल्यास हृदयाची गती बिघडते. अशा रुग्णाला मायेने पाजलेले शहाळेही अपाय करू शकते. 'कमी सोडियमचे' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठातही बहुधा पोटॅशियम असते.

याउलट, भीतीपोटी अन्नच तोडणारेही अनेक असतात. डायलिसिसची वेळ येण्यापूर्वी प्रथिने बेताने घ्यावी लागतात. पण डायलिसिस सुरू झाल्यावर त्या प्रक्रियेत प्रथिनांचा काही अंश शरीराबाहेर जातो, म्हणून ती अधिक घ्यावी लागतात. जुनेच पथ्य पाळत राहणारा रुग्ण खंगत जातो. म्हणजेच पथ्य आजाराच्या टप्प्यानुसार बदलते.

हा बदल ओळखणे हे मूत्रपिंडविकारातील आहारतज्ज्ञाचे काम. तो रक्ताचे अहवाल, वजन आणि सूज पाहतोच; शिवाय घरात भात किती, नाचणी किती, सांबारात डाळ किती, लोणचे-पापड किती, हेही विचारतो. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात व ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे त्यांतील पोटॅशियम कमी होते, अशी साधी युक्ती तो शिकवतो. नुसती निषिद्ध पदार्थांची यादी हातात पडली, तर रुग्ण घाबरतो; काय व किती खावे हे कळले, तर तो सावरतो.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरिबांना ही सेवा विनामूल्य मिळू लागली. हे स्वागतार्हच आहे. तथापि आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येकी ४ तास धरले, तरी यंत्राचे तास १२ होतात. उरलेले १५६ तास रुग्ण घरच्या स्वयंपाकघरावर विसंबून असतो. त्या तासांसाठी मार्गदर्शक नसेल, तर यंत्राचे श्रम अर्धे वाया जातात.

म्हैसूरला १९५० सालापासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था कार्यरत आहे. अन्नाचे शास्त्र आपल्या देशात नाही, असे मुळीच नाही. ते प्रयोगशाळेतून रुग्णाच्या ताटापर्यंत नेणारा माणूस मात्र हवा. म्हणूनच प्रत्येक डायलिसिस केंद्रात आहारतज्ज्ञ असणे ही चैन नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.