'फँड्री'तला दगड आपल्यासाठीच होता

'फँड्री'च्या शेवटी गावानं छळलेला पोरगा जब्या दगड भिरकावतो तो थेट प्रेक्षकाच्या अंगावर. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी हा सिनेमा महाराष्ट्रात लागला. २८ एप्रिलला, आमच्या शेजारच्याच नगर जिल्ह्यात, खर्ड्याला एका सतरा वर्षांच्या दलित पोराला मारून झाडाला लटकवलं. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढा संशय पुरला. पुढे न्यायालयात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

म्हणून कलेनं समाजाचे डोळे उघडतात असं कुणी व्यासपीठावरून बोललं की माझं डोकं फिरतं. खर्ड्यात बघणारे होते की! साक्षीला कोण टिकलं?

२०१६ मध्ये 'सैराट' आला. शेवटी आईबापाच्या रक्तात पाय भरलेलं लेकरू रडत बाहेर येतं. ते आपण थिएटरातच सोडलं आणि 'झिंगाट' तेवढं वरातीत आणलं. पोरीनं जातीबाहेर लग्न केलं तर तोडून टाकू म्हणणारे त्याच गाण्यावर नाचतात. हे दोन्ही सिनेमे करणाऱ्या नागराज मंजुळेंनी आणखी काय करायचं होतं?

सिनेमाचं हे, तर तमाशाचंही वेगळं नाही. मी पुणे जिल्ह्यातल्या वारूळवाडीचा. शेजारचं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. समकालीन कला म्हटलं की ज्यांना फक्त शहरातली दालनं आठवतात, त्यांनी एखादं वगनाट्य पुरतं बघावं. हुंड्यासाठी जाळलेली सून, सावकारानं नाडलेला शेतकरी, अत्याचार झालेली पोर. गावातली हिंसा गावातच, ती करणाऱ्यांच्या तोंडावर मांडली जाते. त्यावर पुढून आरोळी येते, "वग बंद करा, गाणी लावा!" नाही ऐकलं तर तंबूवर दगड. बाईचा हात धरायचा, राहुटीत घुसायचं, आणि सकाळी गाव म्हणतं, बाहेरची पोरं होती.

हे दगड बहुतेक दलित आणि भटक्या जातींतल्या कलावंतांनाच लागतात. जब्याला छळणारं गाव ते हेच.

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचं नाव आम्ही छाती फुगवून घेतो. खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या, नाळ दगडानं तोडली आणि पुन्हा बोर्डावर निघाल्या, हे कौतुकानं सांगतो. ओल्या बाळंतिणीला असं उठावं लागतं, यात कौतुक कसलं? राष्ट्रपती पदक मिळवलेल्या या बाईची अखेर हलाखीत झाली. २००२ मध्ये त्या गेल्या. आता त्यांच्या नावानं सरकार पुरस्कार देतं.

मला पुरस्कार नकोत. सुपारीच्या कागदावर यात्रा कमिटीनं लिहून द्यावं: कलावंतांच्या अंगाला हात लागला तर फिर्याद कमिटी देईल, मारणाऱ्याच्या नावानिशी, तो सरपंचाचा पुतण्या असला तरी. आणि कोर्टात तारखेला हजर राहील. ज्या गावाला हे जमत नसेल, त्या गावाची सुपारी एकाही फडमालकानं घेऊ नये.