लक्षणे वाचून उत्तर मिळत नाही, तपासणी करा!

जयंतीची तयारी चालू होती. एका तरुण कार्यकर्त्याने मला बाजूला घेऊन विचारले, "दादा, आपल्या रक्तदान शिबिरात एचआयव्हीपण तपासतात ना?"

बोलता बोलता कळले. तीन आठवड्यांपूर्वी कंडोमशिवाय संबंध आला होता. आता ताप, घसादुखी, अंगावर पुरळ. रात्र रात्र तो मोबाइलवर लक्षणे वाचत होता. सरकारी दवाखान्यात कुणी ओळखीचे भेटेल, त्यापेक्षा शिबिरात गुपचूप काम होईल, हा त्याचा हिशेब.

हा हिशेब घातक आहे. लागण झाल्यावर सुरुवातीचा काही काळ विषाणू रक्तात असूनही तपासणीत सापडेलच असे नाही. असे रक्त दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. शंका असेल तर रक्तदान करू नका.

आणि लक्षणांचे म्हणाल, तर ताप आणि पुरळ डेंग्यूतही येतात. उलट लागण होऊनही अनेकांना काहीच जाणवत नाही. मोबाइल रात्रभर भीती देईल, उत्तर देणार नाही.

उत्तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मिळते, तेही मोफत. धोका घडून 72 तास झाले नसतील, तर लगेच रुग्णालय गाठा. 28 दिवसांची प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात. वेळ टळली असेल, तरी आजच तपासणी करा. निगेटिव्ह आली, तरी तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा करा. तोपर्यंत कंडोम वापरा. बोलायला कुणी नसेल, तर 1097 हा मोफत क्रमांक आहे. पॉझिटिव्ह आली, तरी सरकारी औषधोपचार मोफत आहेत आणि ते नियमित घेणारा माणूस दीर्घ आयुष्य जगतो. 2017 च्या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करणे, माहिती फोडणे आणि भेदभाव करणे यांना मनाई केली आहे.

मग तो घाबरला कुणाला? विषाणूइतकाच आपल्याला! वेगळ्या पेल्याचा अपमान पिढ्यानपिढ्या सोसलेला समाज आपण. आपल्याच वस्तीत पॉझिटिव्ह माणसाचा पेला वेगळा ठेवला जात असेल, तर आपण बाबासाहेबांकडून काय शिकलो?

वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना 'समाजस्वास्थ्य' मासिकातून उत्तरे दिली, म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये त्यांची बाजू न्यायालयात कुणी मांडली? बाबासाहेबांनी! खटला हरले, पण असे प्रश्न विचारण्यात अश्लील काही नाही, ही त्यांची भूमिका होती. आपण मात्र हा विषय निघाला की हसतो, टोमणे मारतो.

यंदा प्रत्येक शिबिरात रक्तदानाच्या टेबलाआधी समुपदेशकाचे टेबल लावा. आयसीटीसीला पत्र द्या, माणूस मागवा. कुणी विचारायला आला, तर "कुठे गेला होतास?" असे विचारू नका. "चल, मी सोबत येतो" म्हणा.

त्या मुलासोबत मी गेलो होतो. निकाल काय आला, ते सांगणार नाही. तो सांगायचा की नाही, हा त्याचा अधिकार आहे.

जय भीम!