नरवाईला गिऱ्हाईक हवे

इंदूरची कंपोस्ट पद्धत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांच्या १९३१ च्या पुस्तकाने जगभर गेली. त्याच माळव्यात आज दंडाला न जुमानता गव्हाची नरवाई पेटवली जाते. तीच कमी हवेत भाजली तर बायोचार, म्हणजे शेतीचा कोळसा, मिळतो. शेणखतात मुरवून घातल्यास तो ओल व अन्नद्रव्ये धरतो. पण घेणारा नाही, म्हणून बनवणारा नाही.

जमीन बटाईने देऊन शहरात राहणारे आपणच पहिले गिऱ्हाईक होऊ. काळी माती बहुधा अल्कधर्मी. म्हणून आधी माती तपासावी, अर्ध्या बिघ्यावर करून पाहावे, खर्च बटाईदारावर टाकू नये. मगच सरकारकडे बायोचारच्या प्रतीची तपासणी व अनुदान मागायला आपल्याला तोंड राहील.