पहिल्या गोळीआधी रक्त तपासा. पण आकड्यावरून माणूस तोलू नका!

ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली येथील नागरिक, डॉक्टर, औषधविक्रेते आणि दोन्ही महापालिकांचे आरोग्य विभाग यांना जाहीर आवाहन

नागरिकहो, लिंगबदलासाठी हार्मोन घेणाऱ्या तृतीयपंथी आणि पारलिंगी व्यक्ती आपल्याच चाळीत, आपल्याच लोकलच्या डब्यात, आपल्याच नाक्यावर आहेत. त्यांनी हार्मोन घ्यावेत की नाही, हा या पत्रकाचा विषय नाही. ते त्या आणि त्यांचे डॉक्टर ठरवतील. आमचे म्हणणे एवढेच : पहिली गोळी किंवा पहिले इंजेक्शन घेण्याआधी रक्तातील टेस्टोस्टेरॉन मोजले जावे, ते सरकारी व पालिका रुग्णालयात मोफत मोजले जावे, आणि आलेला आकडा केवळ उपचारासाठी वापरला जावा. आज चुका दोन्ही बाजूंनी होतात. कुणी ऐकीव माहितीवर मेडिकलमधून औषध आणून तपासणीविनाच सुरू करते. कुणाला ‘रिपोर्ट तर चांगला नॉर्मल पुरुषाचा आहे, मग हे खूळ कशाला?’ असे सुनावून परत पाठवले जाते. एकात जीव धोक्यात येतो, दुसऱ्यात हक्क मारला जातो. हा आकडा कशासाठी असतो, हेच ठाऊक नसल्याने दोन्ही घडते.

प्रौढ पुरुषाच्या रक्तात दर डेसिलिटरला साधारण ३०० ते १,००० नॅनोग्रॅम टेस्टोस्टेरॉन असते. स्त्रीच्या रक्तात साधारण १५ ते ७०. अमेरिकेतील एन्डोक्राइन सोसायटीची २०१७ची मार्गदर्शिका सांगते की ट्रान्स स्त्रीच्या (जन्मवेळी पुरुष म्हणून नोंदलेल्या स्त्रीच्या) उपचारात ही पातळी ५० च्या खाली आणावी, ट्रान्स पुरुषाच्या उपचारात ती पुरुषांच्या नेहमीच्या कक्षेत न्यावी, आणि पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी पाहावी. यावर एखादा जाणकार विचारील : डोस गाठायच्या पातळीवरून ठरतो, तर सुरुवातीची पातळी हवी कशाला? प्रश्न रास्त आहे. समजा, औषध सुरू करण्याआधीच एखाद्या तरुण ट्रान्स स्त्रीची पातळी १२० आहे. मग पिट्युटरी ग्रंथीची गाठ, वाढलेले प्रोलॅक्टिन, क्लाइनफेल्टरसारखी जन्मजात स्थिती किंवा पूर्वीच घेतलेल्या गोळ्या, यांपैकी काहीतरी शोधायला हवे. ट्रान्स पुरुषाची पातळी इंजेक्शनाआधीच १५० असेल, तर बीजाशयाचा पीसीओएस किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा विकार तपासायला हवा. औषध एकदा अंगात गेले की या खुणा त्याच्या परिणामाखाली दडतात. तीन महिन्यांनी आलेला ४० हा आकडा औषधाने घडवला की तो आधीपासूनच तसा होता, हे मग कुणालाही सांगता येत नाही.

आपल्याकडे सुरुवातीच्या तपासणीला आणखी दोन कारणे आहेत. हिजडा समाजात अनेक जणी निर्वाण झालेल्या असतात, म्हणजे त्यांचे अंडकोष काढलेले असतात. अंडकोष काढल्यावर टेस्टोस्टेरॉन आपोआप तळाला जाते. अशा व्यक्तीला टेस्टोस्टेरॉन रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरॉन कशासाठी द्यायचे? रोखायला फारसे काही उरलेलेच नसते. दुष्परिणाम मात्र पदरी पडतात : पहिल्याने पोटॅशियम वाढू शकते, दुसरे मोठ्या डोसात दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणात गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून युरोपच्या औषध नियंत्रकाने २०२०मध्ये त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. खरे तर तिला इस्ट्रोजेनची गरज असते, कारण दोन्ही हार्मोन नसतील तर हाडे ठिसूळ होतात. दुसरे कारण संततिनियमनाच्या गोळ्यांचे. माला-डी किंवा माला-एनच्या एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्राडायॉल आणि १५० मायक्रोग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. ज्या कामासाठी ती बनवली त्यासाठी ती उत्तम आहे. पण छाती वाढावी म्हणून दिवसाला तीन-चार गोळ्या घेतल्या, तर इथिनिल इस्ट्राडायॉलने रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो; म्हणूनच या उपचारात ते वापरू नये असे मार्गदर्शिका सांगतात. अशा गोळ्या घेऊन आलेल्या व्यक्तीला रागावून हाकलू नका. काय, किती आणि कधीपासून घेतले ते केसपेपरवर लिहा, आणि त्याच दिवशी रक्त घ्या.

आता दुसऱ्या चुकीकडे वळू. टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यावरून कोण ‘खरा’ तृतीयपंथी आणि कोण नाही, हे ठरत नाही. लॉस एंजेलिसच्या बाल रुग्णालयात १२ ते २४ वयाच्या १०१ पारलिंगी मुला-तरुणांची उपचाराआधीची तपासणी २०१५मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या शारीरिक तपासण्यांचे आकडे सर्वसाधारण कक्षेतच होते. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट हेच अपेक्षित आहे. तो कुणाच्या सांगण्याला खोटे पाडत नाही. आणि कमी निघालेली पातळी कुणाची ओळख सिद्धही करत नाही; ती फक्त डॉक्टरला पुढचा तपास करायला लावते.

‘ही तपासणी चुकते, मग तिचा आग्रह कशाला?’ असाही आक्षेप येतो. तपासणी चुकते ती बहुधा हलगर्जीने. तरुण पुरुषांत सकाळी आठच्या सुमारास पातळी उंच असते आणि दुपारनंतर बरीच उतरते. म्हणून नमुना सकाळी दहाच्या आत द्यावा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर आकडा खोटा चढतो. त्या दोन दिवस आधी थांबवाव्यात. मग रिपोर्ट नीट वाचावा. एका लॅबचा १८.५ आणि दुसरीचा ५३४ हे एकाच रक्ताचे आकडे असू शकतात : पहिला नॅनोमोलमध्ये, दुसरा नॅनोग्रॅममध्ये, आणि मधला गुणक २८.८४. त्याहून मोठी गफलत काउंटरवर होते. तिथे ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ जे टाइप होईल, त्याचीच कक्षा रिपोर्टवर छापून येते. उपचाराने ३५ वर आलेल्या ट्रान्स स्त्रीच्या आकड्यापुढे पुरुषाच्या रकान्यात ‘कमी’ असा ठसा पडतो आणि घरचे घाबरतात. वास्तविक तिने ठरलेली पातळी गाठलेली असते. म्हणून रिपोर्टवर दोन्ही कक्षा आणि मोजमापाचे एकक स्पष्ट छापा.

कार्यकर्त्यांचा आक्षेप अधिक गंभीर आहे : मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी, ओळखपत्र, आणि आता रक्ताची अट, किती उंबरठे ओलांडायचे? ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच आमची मागणी अटीची नसून सोयीची आहे. समुपदेशनाच्या दिवशीच रक्त घ्यावे, त्याच नमुन्यात यकृत, पोटॅशियम, हिमोग्लोबिन पाहावे, आणि आकडा अमुकच आला पाहिजे म्हणून कुणाचा उपचार अडवू नये. डेंग्यू-मलेरियाने बेजार पालिकेकडे पैसा कुठे, असे कुणी म्हणेल. पण थायरॉइड ज्या यंत्रावर मोजतात, त्यावरच टेस्टोस्टेरॉनही मोजता येते. लागते ते वेगळे किट. गुठळी फुप्फुसात गेलेल्या एका रुग्णाच्या अतिदक्षता विभागातील खर्चात कितीतरी तपासण्या होतील.

हे काम दुसऱ्यांच्या भरवशावर सोडल्याचे फळ आपण पाहिले आहे. २०२१मध्ये हैदराबादेत पारलिंगींसाठी ‘मित्र क्लिनिक’ सुरू झाले. पुढे पुण्यात आणि आपल्या ठाणे जिल्ह्यातही त्याचे केंद्र आले. पैसा अमेरिकेच्या यूएसएडचा होता. २०२५च्या सुरुवातीला ट्रम्प सरकारने परदेशी मदत रोखली आणि केंद्रे बंद पडली. वॉशिंग्टनमधल्या एका सहीने इथली ओपीडी बंद होते, ही नामुष्की आपली आहे. मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात २०२३मध्ये तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा कक्ष झाला, ते चांगलेच. पण सकाळी दहाच्या आत रक्त द्यायला डोंबिवलीकराने गर्दीच्या लोकलला लटकत मुंबई का गाठावी? हे काम सरकारचेच आहे : १५ एप्रिल २०१४च्या ज्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या आरोग्यसेवेची जबाबदारी सरकारांवर टाकली, त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी स्वतः पक्षकार होत्या. २०१९च्या कायद्याच्या कलम १५नेही हार्मोन उपचार आणि त्याआधीचे-नंतरचे समुपदेशन सरकारवर सोपवले.

तेव्हा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर या चारही ठिकाणी आठवड्यातून एक सकाळ ही ओपीडी चालवा, तपासणी मोफत करा आणि तसा फलक दाराशी लावा. औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीशिवाय हार्मोन विकू नयेत. आणि नागरिकहो, आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला पुढच्या सभेआधी गाठून विचारा : आमच्या रुग्णालयात ही तपासणी होते का, आणि होत नसेल तर कोणत्या तारखेपासून होईल? उत्तर लेखी मागा.