आधी गाइड विचारा, विद्यापीठ नंतर

मार्च आला की मला फोन सुरू होतात. "मावशी, दोन ठिकाणी पीएच.डी.ला अ‍ॅडमिशन मिळाली, कुठे जाऊ?" आणि लगेच पुढचं वाक्य : "एकाचं रँकिंग चाळीस आहे, दुसऱ्याचं एकशे साठ." म्हणजे ठरवून झालेलं असतं, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. तो मी देत नाही. आयुष्याची पाच-सहा वर्षं एका आकड्यावर लावणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. तो मी केलाय, म्हणून बोलते.

माझ्याही हातात अमेरिकेतली दोन पत्रं होती. बाबांनी रँकिंगची यादी छापून आणली होती, मोठ्या नावाखाली लाल पेनाने रेघ मारून. पेढे वाटले गेले ते त्या नावाचे. तिथे पोचल्यावर कळलं, सरांकडे चौदा विद्यार्थी आहेत आणि भेट महिन्यातून एकदा, वीस मिनिटं. तिसऱ्या वर्षी सर दुसऱ्या विद्यापीठात निघून गेले. मी नवा गाइड शोधला, विषय बदलला, पहिल्यापासून सुरुवात केली. दोन वर्षं पाण्यात गेली. त्या दुसऱ्या, 'लहान' विद्यापीठातल्या बाईंनी मला स्वतः फोन केला होता. माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधातल्या एका तक्त्याबद्दल त्या अर्धा तास बोलल्या होत्या. त्यांना मी नाही म्हटलं.

रँकिंग मोजतं तरी काय? क्यूएसच्या जागतिक यादीत ३० टक्के गुण प्राध्यापकांची मतं विचारून देतात आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांची. जवळजवळ निम्मं वजन नावलौकिकाचं. गाइड मसुदा किती दिवसांत वाचून परत देतो, त्याच्याकडचे किती जण अर्ध्यावर सोडून गेले, स्टायपेंडमधून त्या शहरातलं भाडं भागतं का, यातलं एक अक्षरही त्यात नाही. आणि आपलं राज्य सरकार राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी याच यादीची अट घालतं! सरकारच आकडा बघत असेल, तर पोरांनी दुसरं काय बघायचं?

पैसे भरून एम.एस.ला जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक बहुधा तारण मागते. आईबापांचा फ्लॅट नाहीतर गावची जमीन गहाण पडते. कॉलेज सुचवणाऱ्या अनेक सल्लागारांना मात्र विद्यापीठाकडून दर विद्यार्थ्यामागे कमिशन मिळतं. "तुम्हाला कोणत्या कॉलेजांकडून पैसे मिळतात?" हे पहिल्याच भेटीत विचारा. उत्तर टाळलं तर उठून या.

त्यात घाई. अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक ठराव आहे. त्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी आर्थिक मदतीसह प्रवेश देऊ केलेल्या विद्यार्थ्यावर १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याची सक्ती करायची नाही. तरी "आठवड्यात कळवा" अशी मेल आली की आपली मुलं घाबरून हो म्हणून मोकळी होतात. घाबरायचं कशाला? ठरावाचं नाव घ्या आणि स्पष्ट लिहा, मला १५ एप्रिलपर्यंत वेळ हवा आहे. पैसे भरून जाणाऱ्यांना हे संरक्षण नाही, त्यांनी तर डिपॉझिट भरण्याआधी दहादा चौकशी केली पाहिजे.

मिळालेल्या वेळात त्याच गाइडकडच्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठा. जमलं तर सोडून गेलेल्यालाही. आपल्या गाइडबद्दल वाईट कोणी लेखी देत नाही. ईमेलला "फोनवर बोलू या" एवढंच उत्तर आलं, तर तो फोन नक्की करा. विचारा : सर शेवटचे कधी भेटले? पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं? उन्हाळ्यात पगार मिळतो का? आणि समोरचा "सर तसे चांगले आहेत" एवढं बोलून गप्प झाला, तर तिथे जाऊ नका. रँकिंग पहिलं असलं तरी जाऊ नका.