पाडव्याची घरखरेदी आणि जुन्या गल्लीचे ऋण

चैत्र शुद्ध प्रतिपदा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त होय. या दिवशी निराळी पंचांगशुद्धी न पाहता शुभकार्यास आरंभ करावा, अशी आपली रूढी आहे. घराचा विसार देणे, पायाभरणी करणे, गृहप्रवेश करणे यांसाठी म्हणूनच गृहस्थ पाडव्याची वाट पाहत असतात. माजलगाव तालुक्यातील आमच्या दिंद्रुडसारख्या गावांतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बाहेर पडलेली पुष्कळ कुटुंबे आज बीड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगर, पुणे येथे स्थिरावली आहेत. सणाला ती गावी येतात तेव्हा कीर्तन आटोपल्यावर आम्हांस हटकून विचारतात, "बुवा, घर कुठे घ्यावे?" त्यांच्या मनात शहराबाहेरचा प्लॉट किंवा सदनिका असते. जुन्या पेठेतले, देवळाजवळच्या गल्लीतले घर पाहा असे म्हटले की ती मंडळी हसतात.

आमचे मत स्पष्ट आहे. जुन्या वस्तीत घर अवश्य घ्यावे. मात्र ते राहण्यासाठी घ्यावे, आणि घेण्यापूर्वी भिंत, कागद व शेजार ही तिन्ही नीट पारखावीत. कुलूप लावून किंमत वाढण्याची वाट पाहायची असेल, तर देवळाजवळच्या गल्लीत पाऊल टाकू नये.

'वास्तू' आणि 'वस्ती' ही दोन्ही नावे संस्कृतातील 'वस्' म्हणजे राहणे या एकाच धातूपासून आलेली आहेत. जिथे कोणी राहत नाही, तिला व्युत्पत्तीच्या दृष्टीने वास्तू म्हणता येणार नाही. ऋग्वेदात वास्तोष्पती या देवतेची स्वतंत्र प्रार्थना आहे. घराच्या त्या स्वामीकडे ऋषी जे मागतात ते घरातल्या माणसांचे आणि गुरांचे क्षेम होय. आपण मात्र वास्तुशांत करतो आणि दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप घालतो.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण पैठणचे आहे. नाथषष्ठी होऊन जेमतेम दहा दिवस लोटले आहेत. पैठणास जाणाऱ्या भाविकांना ठाऊक आहे की नाथांची दोन मंदिरे आहेत. गोदावरीकाठी समाधिमंदिर आहे, आणि गावातले नाथमंदिर म्हणजे नाथांचा राहता वाडाच होय. १५९९ साली नाथांनी देह ठेवला, तोपर्यंत त्यांचा संसार, लेखन, अन्नदान आणि कीर्तन चालले ते या गजबजलेल्या गावात. परमार्थासाठी नाथ गाव सोडून गेले नाहीत. वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारे अंत्यजाचे मूल त्यांनी कडेवर घेतले, श्राद्धाचे अन्न भुकेल्यांना वाढले, या कथा आम्ही आयुष्यभर कीर्तनात सांगत आलो. या साऱ्या कथा शेजाराच्या आहेत. शेजारी कोणाला म्हणावे, हाच त्यांतला प्रश्न आहे.

त्याच वाड्यात तो रांजण आहे. श्रीखंड्याच्या रूपाने भगवंताने बारा वर्षे नाथांघरी कावडीने पाणी वाहिले, अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेपासून भाविक घागरी आणून तो रांजण भरू लागतात. ज्याच्या घागरीने रांजण भरून वाहू लागेल, त्याच्या रूपाने श्रीखंड्या आला असे मानतात. ही घागर कोणी तरी आणावी लागते. यात्रेला लाखो लोक येतात आणि जातात; परंतु वर्षाचे उरलेले दिवस देवाच्या दारात दिवा कोण लावतो? गल्लीत राहणारी माणसे लावतात. ती माणसे उठून गेली आणि मागे केवळ लॉज व दुकाने उरली, तर देऊळ उरेल, क्षेत्र उरणार नाही. आम्ही ज्या ज्या क्षेत्री कीर्तनास जातो तेथे काकड्याला बसणारी मंडळी दरवर्षी कमी झालेली दिसतात. याचे कारण श्रद्धा आटली हे नव्हे. चालत येण्याच्या अंतरावर कोणी राहिलेले नाही, हे खरे कारण होय.

आता भिंतीविषयी. भक्ती आहे म्हणून भिंत धरून राहत नाही, हे मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिले आहे. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली ती बहुतांशी स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली. आपल्याकडील जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट रुंद असतात. पण आतली आणि बाहेरची अशा दोन बाजू वेगवेगळ्या रचून मधे माती व दगडांची भर घातलेली असते. दोन्ही बाजूंना बांधून धरणारे आरपार दगड नसतील, तर हादऱ्यासरशी भिंत उभी फाटते. वर माळवद. गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा थर टाकावयाचा, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. त्यामुळे आजोबांच्या काळची माती नातवाच्या डोक्यावर असते. मात्र ज्या घरांचे माळवद भिंतींवर नव्हे तर खणांच्या लाकडी खांबांवर व तुळयांवर तोललेले होते, त्यांपैकी काहींच्या भिंती पडल्या तरी छत उभे राहिले. म्हणून घर पाहावयास जाताना दाराची दिशा नंतर पाहावी. आधी खांबाचे बूड आणि भिंतीत गेलेली तुळईची टोके वाळवीने पोखरली आहेत काय ते पाहावे. जाणत्या अभियंत्यास सोबत न्यावे. माळवदावरची जादा माती उतरविणे, भिंतीत आरपार दगड वा त्यांच्या जागी सिमेंटच्या गाठी बसविणे, हे उपाय होण्याजोगे आहेत आणि भूकंपानंतर ते करूनही दाखविले गेले आहेत.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येला स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्या शास्त्राविषयी आम्हांस आदर आहे. परंतु दक्षिणमुखी दार म्हणून शंभर वर्षे नांदते राहिलेले घर नाकारणारे गृहस्थ पुराची रेषा कुठवर आली होती हे विचारीत नाहीत, याचे नवल वाटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील मातीचे वाडे विरघळून खाली बसले. २००६ साली जायकवाडीतून पाणी सोडावे लागले तेव्हा पैठणात पाणी शिरले. सप्टेंबर २०२५ मध्ये गोदाकाठाने पुन्हा तो धाक अनुभवला. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे गल्लीतली म्हातारी माणसे बोट दाखवून सांगतात. तो निर्वाळा पंचांगाहून कमी मोलाचा समजू नये.

तिसरी गोष्ट कागदाची. जुना वाडा एकाच्या नावावर आणि दहाजणांच्या मनात असतो. शहरात मालमत्ता पत्रक, गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना आठ, आणि २०२० पासून स्वामित्व योजनेच्या मोजणीनंतर मिळू लागलेली सनद, ही सारी पाहावीत. पण तेवढ्यावर थांबू नये. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील एका भावाचा हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी त्याला इतरांसोबत त्या घरात राहण्याचा हक्क मिळत नाही. वाटणीचा दावा करीत वर्षे जातात. जुना भाडेकरू असेल, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण त्याच्या पश्चात त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांनाही मिळू शकते.

यातच बहिणींची गोष्ट येते, आणि ती आम्ही सणाच्या पानावर मुद्दाम लिहीत आहोत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. महाराष्ट्राने १९९४ साली त्या दिशेने पाऊल टाकले, देशाने २००५ साली तसा कायदा केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो हक्क जन्मसिद्ध असल्याचे सांगितले. राहत्या घराची वाटणी मागण्यास मुलींना १९५६ च्या कायद्यात असलेली आडकाठीही २००५ सालीच दूर झाली. तरीही भाऊबीजेला साडी नेसवून हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्याचे प्रकार आपल्या घराघरांतून चालतात. बहिणीने आनंदाने सोडले तर गोष्ट निराळी. पण माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीवर उभ्या असलेल्या घरात कितीही वेळा उदकशांत केली, तरी शांती नांदेल असे आम्हांस वाटत नाही. विकत घेणाऱ्यानेही बहिणींना स्वतः भेटून विचारावे. ज्या खरेदीखताने एखाद्या लेकीचे डोळे ओले होतात, त्याला शुभमुहूर्ताची सोबत लाभत नाही.

जुन्या वस्तीविरुद्ध जे बोलले जाते त्यातही तथ्य आहे. गल्लीत चारचाकी वळत नाही, मधल्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो, न्हाणी व शौचकूप मागाहून कसेबसे जोडलेले असतात. या गैरसोयी सर्वांत अधिक घरातल्या स्त्रियांनी सोसल्या आहेत. सुनेला अंधारात ठेवून परंपरा जपण्याचा कोणी आग्रह धरू नये. घेणाऱ्याने पहिला खर्च पाणी, उजेड आणि शौचालय यांवर करावा, आणि कोरीव खांबांना रंग नंतर द्यावा. संरक्षित स्मारक जवळ असेल, तर २०१० च्या कायद्याप्रमाणे शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही व त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते, हेही आधी विचारून घ्यावे.

दुसरा दोष याहून जुना आहे. आपल्या गल्ल्या जातींच्या नावांनी वसल्या, आणि आजही आडनाव ऐकून घर 'विकले गेले' असे सांगणारे मालक आहेत. ज्या गावात नाथ राहिले त्या गावाचे नाव घ्यावयाचे आणि गिऱ्हाइकाची जात विचारावयाची, या दोन गोष्टी एका तोंडाने होऊ नयेत. गल्ली ओस पडते म्हणून हळहळणाऱ्यांनी, ती भरावयास आलेल्यांना आपण परत तर पाठविले नाही ना, हे आठवावे.

शेवटी शेजाराविषयी. जुन्या घराची भिंत सामाईक असते. एकाच्या माळवदाचे पाणी दुसऱ्याच्या अंगणात उतरते, आड दोघांचा असतो, वहिवाट तिघांची असते. खरेदीखतात हे क्वचितच नीट लिहिलेले असते. ते माणसांच्या स्मरणात असते. म्हणून विसार देण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या घरी जाऊन बसावे, पन्हाळ कोठे सोडावयाचे ते ठरवावे, देवळाच्या सप्त्यात या घराकडे कोणती सेवा असे हेही विचारावे. ती सेवा पुढे चालविणार असाल, तरच वास्तू घ्यावी.

ज्यांच्याकडे असे घर आहे आणि मुले परगावी आहेत, त्यांस एवढेच सांगणे की अधिक पैसे देऊन कुलूप लावणाऱ्यापेक्षा, थोडे कमी देऊन चूल पेटविणाऱ्यास घर द्यावे. ज्यांना घ्यावयाचे आहे, त्यांनी आज पाडव्याचा विसार जरूर द्यावा आणि पुढल्या पाडव्याच्या आत तेथे राहावयास जावे. नव्या घरी गुढी उभारली की कडुनिंब व गूळ प्रथम शेजारच्या घरी न्यावा. सर्व वाचकांना नूतन संवत्सर सुखाचे जावो.